घरात फिल्टर आहे, मग कावीळ कशी झाली?

"डॉक्टर, आमच्याकडे चांगला फिल्टर आहे, तरी मुलाला कावीळ कशी झाली?" पंचगंगेच्या काठावरच्या गावांतले आई-वडील हे विचारतात, तेव्हा त्यांचा प्रश्न रास्तच असतो.

फिल्टर घरातल्या एका नळाला असतो, मूल मात्र गावभर फिरतं. शाळेतली टाकी, पाणीपुरीचं पाणी, उसाच्या रसातला बर्फ, यांपुढे तुमचा फिल्टर काय करणार? शिवाय हिपॅटायटिस ए आणि ई या पाण्यातून पसरणाऱ्या काविळी लागण झाल्यावर लगेच दिसत नाहीत. लक्षणं दिसायला साधारण दोन आठवडे ते दोन महिने लागतात. तोवर ते पाणी कुठे प्यायलो, हेही आठवत नाही.

२०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि त्यात माणसं दगावली. हिपॅटायटिस ई बहुतेकांना आपोआप बरा होतो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला, तर १०० पैकी २० ते २५ स्त्रियांचा जीव जाऊ शकतो. म्हणून हा विषय मला केवळ पर्यावरणाचा वाटत नाही.

आता नदीत काय जातं ते पाहू. पहिली घाण म्हणजे शहरांचं आणि गावांचं सांडपाणी. त्यात जंतू असतात, ते पाणी उकळल्यावर मरतात. दुसरी घाण कारखान्यांची. कापड रंगवणाऱ्या आणि धुणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यात रंग, क्षार आणि रसायनं असतात. ती उकळून जात नाहीत. उलट पाणी आटतं, तसं क्षारांचं प्रमाण वाढतं. "आम्ही उकळून पितो" हे उत्तर म्हणूनच अर्धं आहे.

तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. शुद्धीकरण केंद्रात जंतू मारायला क्लोरीन घालतात. नदीच्या पाण्यात सेंद्रिय घाण जास्त असली, की बरंचसं क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतं. म्हणजे नदी जितकी घाण, तितकं नळाचं पाणी सुरक्षित ठेवणं अवघड. पुढे जलवाहिनी गटाराजवळ फुटलेली असेल, तर पाणी बंद असताना गटाराचं पाणी आत शिरतं.

दरवर्षी नदीत जलपर्णी पसरली की ती काढायची मोहीम निघते. मोहीम चांगली आहे, पण जलपर्णी हा आजार नव्हे, लक्षण आहे. सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर ती पोसते. ती काढायची आणि नाले तसेच सोडायचे, हे न्यूमोनियाला फक्त तापाची गोळी देण्यासारखं आहे.

"आमच्याकडे कॅन्सर वाढला तो नदीमुळेच" असंही ऐकू येतं. एखाद्या रुग्णाचा कॅन्सर पाण्यामुळेच झाला, असं कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण नदी स्वच्छ करायला त्या पुराव्याची वाट का पाहायची? कावीळ, टायफॉइड आणि जुलाब एवढी कारणं पुरेशी आहेत.

कारखाने बंद करा, असं मी म्हणत नाही. त्यांवर हजारो घरं चालतात. पण प्रक्रिया न करता घाण पाणी नदीत सोडायला १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानेच बंदी आहे. प्रक्रियेचा खर्च कारखान्याने आणि पालिकेने करायचा आहे. आज तो तुम्ही दवाखान्याच्या बिलातून भरताय.

तुम्ही काय कराल? पाणी उकळून प्या, खळखळ उकळी एक मिनिट येऊ द्या. बाहेरचा बर्फ टाळा. घरात गरोदर बाई असेल आणि डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, तर झाडपाल्यात वेळ न घालवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आणि ग्रामसभेत किंवा नगरसेवकाला एक प्रश्न विचारा: आपल्या सांडपाण्यापैकी किती पाण्यावर प्रक्रिया होते? आंघोळीसाठीच्या नदीच्या पाण्यात बीओडी, म्हणजे घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. आपल्या घाटावर तो किती आहे, तेही विचारा. रक्ताचा रिपोर्ट मागता ना, तसाच नदीचा मागा.