आधी माणसे, मग नंबर

इंग्लंडमध्ये एप्रिल २०१३ मध्ये तातडीच्या नसलेल्या दुखण्यांसाठी १११ हा फोन नंबर देशभर लागू होऊ लागला. आधीच्या ‘एनएचएस डायरेक्ट’वर नर्स सल्ला द्यायच्या. आता संगणकावरचे प्रश्न विचारणारे प्रशिक्षित कर्मचारी फोन घेऊ लागले, नर्स मोजक्याच राहिल्या. सुरुवातीलाच अनेक भागांत फोन उचलले जाईनात.

मी सॉफ्टवेअर लिहितो. प्रश्नावली कितीही चांगली असली तरी फोन घ्यायला पुरेशी माणसे आणि अडल्यावर विचारायला नर्स हवीच. तयारी झाली नसेल तर तारीख पुढे ढकलावी.

मोहल्ल्यात आरोग्य हेल्पलाइन काढणाऱ्या तरुणांनो, आधी रात्रीच्या ड्युटीचा तक्ता भरा, मग नंबर छापा. नुसत्या वाजत राहणाऱ्या फोनपायी आजारी माणसाचा दवाखाना गाठायचा वेळ जातो.