कथा आणि कबुलीजबाब

गेल्या महिन्यात आमच्या थोरल्या सूनबाईंनी ग्रंथालयातून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आणली. केट फोर्सिथ या ऑस्ट्रेलियन लेखिकेची ‘द वाइल्ड गर्ल’. प्रसिद्धीचे साल २०१३. विषय जर्मनीतील ग्रिमबंधूंचा, आणि त्यांना परीकथा सांगणाऱ्या व पुढे विल्हेल्म ग्रिमची पत्नी झालेल्या डॉर्टशेन विल्ड हिचा. ग्रिम हे नाव ऐकताच संस्कृतच्या कोणाही विद्यार्थ्याचा हात आपोआप पुढे होतो. ‘पितृ’चे ‘फादर’ आणि ‘त्रि’चे ‘थ्री’ ज्या नियमाने होते, तो वडीलबंधू याकोबने १८२२ साली आपल्या व्याकरणात सविस्तर मांडला. तेव्हा सूनबाईंचे वाचून होताच आम्ही ते पुस्तक मागून घेतले, आठ दिवसांत संपवले, आणि काहीशा खिन्न मनानेच परत केले.

गुण आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही. डॉर्टशेनच्या वडिलांचे औषधालय, त्यातील वनस्पती, काढे व अर्क यांची वर्णने प्रेमाने केलेली आहेत. १८०७ ते १८१३ या काळात कासेल शहरावर नेपोलियनच्या धाकट्या भावाचे राज्य होते. त्या परचक्राची छायाही चांगली उतरली आहे. ग्रिमांचे दारिद्र्य तर मनाला चटका लावते. वडील १७९६ साली वारले, आई १८०८ साली; आणि तेविसाव्या वर्षी याकोबवर पाच धाकट्या भावंडांचा भार पडला.

परंतु याच पुस्तकात डॉर्टशेनच्या पित्यावर स्वतःच्या कन्येवर अत्याचार केल्याचा घोर आरोप ठेवलेला आहे, आणि कथानकाचा अर्धा डोलारा त्यावरच उभा आहे. हा पिता कल्पित नव्हे. रुडॉल्फ विल्ड नावाचा खराखुरा गृहस्थ होता. आरोपाला आधार कोणता? तर डॉर्टशेनने सांगितलेल्या कथांपैकी एकीत राजा आपल्याच मुलीशी विवाह करू पाहतो, आणि ती नाना प्राण्यांच्या कातड्यांचा झगा पांघरून पळून जाते, एवढाच! अहो, हीच कथा फ्रान्समध्ये पेरॉने १६९४ साली पद्यात लिहिली होती. तिथे गाढवाचे कातडे आहे, इतकाच फरक. डॉर्टशेनच्या जन्माला तेव्हा जवळजवळ शंभर वर्षे अवकाश होता. त्याहीपलीकडे जावयाचे तर आपल्या ऐतरेय ब्राह्मणात प्रजापतीची व त्याच्या कन्येची कथा आहेच, आणि देवांनी त्याबद्दल त्यास दिलेले शासनही आहे. आजीने नातवंडांस राक्षसाची गोष्ट सांगितली म्हणून आजोबांच्या नखांची तपासणी करावयाची काय? कादंबरीकारास कल्पनेचा अधिकार आहे हे आम्हास मान्य आहे. पण ज्याला आता उत्तर देता येत नाही त्याच्या नावानिशी तो वापरताना हात थोडा आखडता घ्यावा.

दुसरे असे की, कल्पनेला खरे रान ज्या जागी होते तिथे लेखिका फारशी रमलेली नाही. ग्रिमांच्या संग्रहाचा पहिला भाग १८१२ साली निघाला. त्यात हॅन्सेल आणि ग्रेटेल यांना अरण्यात सोडून देण्याचा हट्ट धरते ती त्यांची सख्खी आई आहे. पुढे विल्हेल्म आवृत्तीमागून आवृत्ती सुधारीत गेला, आणि १८४० च्या आवृत्तीत तीच बाई सावत्र आई झाली. हिमगौरीचा द्वेष करणारी राणीसुद्धा आरंभी जन्मदात्रीच होती. १८१९ साली ती सावत्र ठरली. ज्याची स्वतःची आई संग्रह निघण्यापूर्वी चारच वर्षे आधी वारली, त्या मुलाची लेखणी ‘आई’ हा शब्द खोडताना कशी चालली असेल? आणि ज्या पत्नीने लहानपणी ऐकलेल्या कथा त्याच्या हवाली केल्या, तिला हे फेरफार दिसत असताना काय वाटले असेल?

डॉर्टशेन व विल्हेल्म यांचा विवाह १८२५ साली झाला. याकोब अविवाहित राहिला, आणि धाकट्या भावाच्या संसारातच अखेरपर्यंत नांदला. १८३७ साली राजाने राज्यघटना मोडली म्हणून निषेध केल्यावरून दोघा भावांच्या गटिंगेन येथील नोकऱ्या एकदमच गेल्या. पुढे कोशाचे अवाढव्य काम अंगावर घेतले, ते दोघांच्या हयातीत पुरे झाले नाही. शेवटचा भाग निघावयास १९६१ साल उजाडले. पती आणि थोरले दीर दोघेही पुस्तकांत बुडालेले, अशा घरात तिने संसार कसा रेटला, हे एकत्र कुटुंबातील वाचकास जाणून घ्यावेसे वाटणारच. कादंबरीचा सारा जोर मात्र विवाहापूर्वीच्या वर्षांवर आहे.

पुस्तक परत देताना हे सर्व आम्ही सूनबाईंस सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मामंजी, मी तर परवा महिला मंडळात सगळे खरे म्हणूनच सांगून आले. दोघीतिघींच्या डोळ्यांना पाणी आले होते.”

पुढच्या बैठकीसाठी त्यांनी एका चिठ्ठीवर पेरॉचे साल लिहून मागितले. ते आम्ही दिले आहे.