कवळी मिळाली, पण ती रोज धुणार कोण?

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत 2017 पासून गरजू ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्यासोबत कवळीही मोफत देण्याची तरतूद आहे. काठी हातात दिली की काम झालं. कवळीचं मात्र खरं काम त्यानंतर सुरू होतं.

अस्वच्छ कवळीमुळे काय होतं?

कवळी बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते. तिच्या बारीक छिद्रांत अन्नकण अडकतात आणि वर जंतू व 'कँडिडा' बुरशीचा चिकट थर बसतो. त्यामुळे कवळीखालची टाळू लाल होते, ओठांचे कोपरे चिरतात, तोंडाला वास येतो. अनेकदा काहीच दुखत नाही, म्हणून कुणाचं लक्षही जात नाही.

धोका तोंडापुरता नाही. जपानमध्ये 85 वर्षांवरील लोकांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. झोपताना कवळी न काढणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त दिसला. तोंडातले जंतू झोपेत श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकतात.

येरवड्याचा संबंध काय?

पुण्यात येरवड्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मनोविकारांवरच्या अनेक औषधांनी तोंड कोरडं पडतं. लाळ जंतूंना आवर घालते. ती कमी झाली की बुरशीचं फावतं. त्यात तीव्र नैराश्य किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धाला कवळी काढायचं भान राहीलच असं नाही. अशा वेळी सगळी भिस्त काळजी घेणाऱ्यावर असते. घरी अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांचंही तेच.

रोज काय करायचं?

• जेवणानंतर कवळी काढून धुवा, चूळ भरा.
• दिवसातून एकदा मऊ ब्रश आणि साध्या साबणाने घासा. टूथपेस्टने ओरखडे पडतात.
• उकळतं पाणी नको, कवळी वाकडी होते.
• हातातून निसटली तरी फुटू नये म्हणून खाली पाण्याचं भांडं ठेवा.
• रात्री काढून स्वच्छ पाण्यात ठेवा. हिरड्या, टाळू, जीभ ओल्या मऊ कापडाने पुसा.
• वर्षातून एकदा दंतवैद्यांना दाखवा. तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर लगेच दाखवा, विशेषतः तंबाखू-मिश्रीची सवय असेल तर.

यातल्या कशालाच फारसा खर्च नाही. पण ही जबाबदारी कुणाची, हे रुग्णालयात, वृद्धाश्रमात आणि घरातही ठरलेलं हवं. रात्री 'गोळी दिली का?' असं विचारताना 'कवळी काढली का?' हेही विचारायला हवं.