परसातील कोंबड्यांचे दुपारचे पाणी

परसातील कोंबडीपालनाविषयी गावोगाव जी चर्चा होते ती बहुधा जातीविषयी आणि खाद्याविषयी होते. हैदराबादेत तयार झालेली वनराजा घ्यावी की बंगळूरची गिरिराजा घ्यावी, मका भरडून घालावा की अख्खा घालावा, याविषयी शेतकरी आवर्जून विचारतात व कार्यकर्तेही उत्साहाने उत्तरे देतात. पाण्याचा विषय मात्र “कोंबडी काय, कोठेही पिते” एवढ्या एका वाक्यात निकालात निघतो. परसातील कोंबडी सुधारावयाची असेल तर प्रथम हे वाक्य गावातून हद्दपार झाले पाहिजे.

परसातील कोंबडी ही आता किरकोळ बाब राहिलेली नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील परसातील कोंबड्यांची संख्या सुमारे ३१ कोटी ७० लाख इतकी भरली. आधीच्या, म्हणजे २०१२ च्या, गणनेपेक्षा ती सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक होती. यांपैकी बहुतेक कोंबड्यांची देखभाल घरातील स्त्री करते आणि अंड्यांचा पैसाही बहुधा तिच्याच हाती राहतो. मुलाची वही, औषधाची बाटली, बाजारातील मीठमिरची या पैशातून येते. तेव्हा कोंबडीच्या पाण्याचा प्रश्न हा घरातील एका लहानशा, परंतु हक्काच्या मिळकतीचा प्रश्न आहे.

तहान केव्हा लागते?

अंड्याच्या आतील भागात सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असते. अंडी देणारी कोंबडी साधारण हवामानात दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, म्हणजे जेवढे खाद्य खाते त्याच्या वजनाच्या दुपटीने. उन्हाळ्यात हे प्रमाण दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकणे आणि श्वासावाटे वाफ बाहेर सोडणे हाच तिचा अंग निववण्याचा मुख्य मार्ग होय. ही वाफ पाण्यावाचून कोठून येणार? विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा दोनचार तासांची तहानदेखील कोंबडीच्या जिवावर बेतते. जी मरत नाही ती खाणे सोडते व अंडी थांबवते. एकदोन दिवस पाणी तुटले तर अंड्यांची घट पुढे अनेक दिवस भरून निघत नाही, आणि पुष्कळदा पिसेही झडू लागतात.

आता घरातील दिनक्रम पाहावा. सकाळी खुराडे उघडताना बाई भांडे भरून ठेवते. उघडे भांडे कोंबड्या पायाने उकरतात, त्यात शीट टाकतात, धक्क्याने ते कलंडते. नऊदहाच्या सुमारास घरातील माणसे शेतावर किंवा मजुरीवर जातात व संध्याकाळी परततात. म्हणजे पाण्याची खरी निकड दुपारी अकरा ते चार या वेळात असते, आणि नेमक्या त्याच वेळी घरी कोणी नसते. मग कोंबड्या मोरीच्या सांडपाण्याकडे किंवा गोठ्यातील डबक्याकडे वळतात. हगवण व जंत यांची बाधा पुष्कळदा तेथूनच होते. मानमोडीसारखा रोगही आजारी कोंबडीच्या शीटेने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो. जे “कोठेही पिते” ते कोठून पिते, हे कोणी पाहत नाही.

आपोआप पाणी देणाऱ्या साधनाचे महत्त्व येथे आहे. ही श्रीमंताची चैन आहे किंवा मोठ्या शेडवाल्यांचे काम आहे, असा समज चुकीचा आहे. शेडवर दिवसभर माणूस असतो. परसात तो नसतो. म्हणून स्वयंचलित पाण्याची गरज शेडपेक्षा परसालाच अधिक आहे.

साधन कोणते निवडावे?

स्वयंचलित म्हणताच मोटार, नळ्या व टाकी डोळ्यांपुढे आणण्याचे कारण नाही. दहावीस कोंबड्यांसाठी सर्वांत सोपे साधन हवेच्या दाबावर चालते. जुन्या रीतीत पाण्याने भरलेले गाडगे परळावर उपडे घालीत व गाडग्याच्या काठाला एक खाच ठेवीत. परळातील पाणी खाचेच्या खाली गेले की हवा आत शिरते आणि तेवढेच पाणी बाहेर येते. हेच काम खाद्यतेलाच्या पाच लिटरच्या कॅनकडून करून घेता येते. कॅन धुण्याच्या सोड्याने स्वच्छ करून तळापासून ३ सेंटिमीटर उंचीवर बाजूला एक भोक पाडावे. तो उभा राहील अशी ५ सेंटिमीटर कडेची रुंद ताटली घ्यावी. भोक बोटाने दाबून धरून कॅन भरावा, झाकण घट्ट लावावे व मगच बोट काढावे. भोक ताटलीच्या कडेपेक्षा खाली असलेच पाहिजे आणि झाकणातून हवा शिरता कामा नये. यांपैकी एक गोष्ट चुकली तर सर्व पाणी वाहून जाते. कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा कॅन कितीही धुतला तरी या कामी कदापि वापरू नये.

कॅन सावलीतच ठेवावा. अर्धवट रिकाम्या कॅनवर ऊन पडले म्हणजे आतील हवा फुगते, पाणी बाहेर ढकलते व ताटली ओसंडते. शिवाय तापलेले पाणी कोंबड्या पीत नाहीत. या बाबतीत मातीचे गाडगे प्लॅस्टिकपेक्षा सरस ठरते, कारण ते पाझरते व पाणी गार ठेवते. प्लॅस्टिकच असेल तर भोवती ओले गोणपाट गुंडाळावे. लहान पिलांसाठी ताटलीत स्वच्छ खडे घालावेत. नाहीतर पिले पाण्यात बुडून किंवा भिजून गारठून मरतात.

दुसरे साधन निपलचे. झाकणाच्या बादलीच्या तळाला निपल बसवून बादली टांगतात. कोंबडीने चोचीने खिळा ढकलला की थेंब पडतो. यात शीट किंवा माती पडत नाही, हा मोठा लाभ आहे. आठदहा कोंबड्यांना एक निपल पुरते. तथापि कोंबड्या मोजक्याच असल्या तरी दोन निपल ठेवावेत, म्हणजे एक अडकले तरी दुसरे चालेल. कोंबडीने पाय न उचलता मान वर ताणून प्यावे इतकी उंची ठेवावी आणि पिले वाढतील तशी ती वाढवावी. नवे साधन लावताच जुने भांडे एकाएकी काढू नये. दोनचार कोंबड्या शिकल्या की बाकीच्या त्यांचे पाहून शिकतात. तोवर दोन्ही ठेवावीत.

निपलचा आग्रह सर्वत्र धरणे मात्र योग्य नव्हे. ज्या गावचे पाणी क्षारयुक्त किंवा गाळाचे आहे तेथे खिळा अडकतो किंवा सतत ठिबकतो. अडकला तर कोंबड्या तहानेने मरतात. ठिबकला तर खालचे तूस ओले होऊन पिलांना रक्ती हगवण लागते. अशा गावी कॅन किंवा गाडगेच उत्तम. पन्नासाहून अधिक कोंबड्या असतील तर उंचावरील पिंप व बॉलकॉक लावलेले पन्हाळे सोयीचे पडते. परंतु नळाला दिवसाआड पाणी येत असेल तेथे हे साधन थेट नळाला जोडून उपयोग नाही. पिंप भरलेले असले तरच बॉलकॉक काम करील.

आपोआप म्हणजे बेफिकिरी नव्हे

या साधनांविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो व तो विचार करण्याजोगा आहे. उघडे भांडे रोज भरावे लागते म्हणून रोज पाहिले जाते. साधन लावले की माणूस पाहणेच सोडतो. हा दोष साधनाचा नसून समजुतीचा आहे. साधनामुळे पाणी ओतण्याच्या खेपा वाचतात, पाहण्याचे काम वाचत नाही. वीस कोंबड्यांना साध्या दिवसात ५ लिटर व कडक उन्हाळ्यात सुमारे १० लिटर पाणी लागते. वीस लिटरची बादली साध्या दिवसात चार दिवस पुरेल, असा हिशोब करून ती चार दिवस तशीच ठेवणे म्हणजे शेवाळलेले पाणी पाजणे होय. पाणी रोज बदलावे, भांडे रोज घासावे आणि सकाळी प्रत्येक निपलचा खिळा बोटाने ढकलून पाहावा. एवढ्यास पाच मिनिटे पुरतात.

पाण्यातून लस द्यावयाची असेल तेव्हा अधिक दक्षता हवी. भांड्यात किंवा पाण्यात ब्लीचिंग पावडरचा अंश राहिला तर लस निष्फळ होते. त्या दिवशी भांडी साध्या पाण्याने धुवावीत व लस द्यावयाची ती सकाळच्या गारव्यात, पशुवैद्यकांनी सांगितलेल्या रीतीनेच द्यावी. सर्व कोंबड्यांना थोड्या वेळात पिता यावे म्हणून जास्त ताटल्या मांडाव्यात.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

पिलांचे वाटप झाले म्हणजे काम झाले, अशी समजूत अनेक ठिकाणी रूढ आहे. पिले आधी व पाण्याची व्यवस्था नंतर, हा क्रम उलटा केला पाहिजे. ज्या घरी पिले द्यावयाची तेथे पशुसखीने किंवा अन्य कार्यकर्त्याने आधी तीन गोष्टी पाहाव्यात. पाणी कोठून येते व ते खारे आहे काय, दुपारी घरी कोण असते, आणि भांडे ठेवण्यास सावली कोठे आहे. त्यावरून साधन ठरवावे व ते त्या घरातील बाईच्या हातूनच बसवून घ्यावे. ते तिने स्वतः जोडले असेल तर बिघडल्यावर दुरुस्तही तीच करील. पुरुषमंडळींना समजावून सांगितलेले व बाईला न दाखवलेले साधन महिन्याभरात अडगळीत जाते.

वाटपानंतरची भेट पुष्कळदा सकाळी किंवा सायंकाळी, घरची माणसे भेटतील अशा वेळी दिली जाते. ते सोयीचे असले तरी एक भेट तरी दुपारी एकदीडच्या सुमारास द्यावी. त्या वेळी घराला कुलूप असेल. तरीही परसात जाऊन भांड्यात पाणी आहे काय, ते गार व स्वच्छ आहे काय, आणि कोंबड्या त्याच्याजवळ आहेत की मोरीजवळ, हे पाहावे. वाटप यशस्वी झाले की नाही हे नोंदवहीतील पिलांच्या आकड्यापेक्षा त्या भांड्यावरून अधिक खरे कळेल.