गाडीचे कागद आणि गाडीचे ब्रेक

दोन वर्षांपूर्वी ओतूरकडचं एक लग्न आटोपून आम्ही माळशेज घाट उतरत होतो. गाडी माझीच, सात सीटची, डिझेलवरची, बरीच जुनी. आत नऊ माणसं, त्यात तीन पोरं. उतारावर गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचतं, हे चाचांनी मला गाडी शिकवतानाच सांगितलं होतं आणि मी ते इमानदारीने पाळत आलो होतो. गाडी आपली सुटलेली आणि माझा पाय सतत ब्रेकवर. अर्धा घाट उतरल्यावर पेडल मऊ लागलं. पुढच्या वेळी दाबलं तर ते सरळ तळाला गेलं.

पेडल दोन-चार वेळा झपाझप मारलं, थोडा ब्रेक लागला. तेवढ्यात तिसरा गिअर टाकला, मग दुसरा, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात एक चाक घालून थांबलो. अल्हम्दुलिल्लाह, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. अम्मी मागच्या सीटवर मोठ्याने दुआ पढत होती. खाली उतरल्यावर मी तिला म्हणालो, "तुझ्या दुआने वाचलो." तर ती म्हणाली, "दुआ माझ्याकडे होती रे, ब्रेक तर तुझ्याकडे होते ना?"

अर्ध्या तासाने पेडल आपोआप पहिल्यासारखं झालं. दुसऱ्या गिअरमध्ये रांगत मोरोशीला उतरलो आणि तसंच सरळगावपर्यंत आलो. तिथल्या मिस्त्रीने ब्रेक ऑईलच्या डबीचं झाकण उघडलं. आत काळा चहा.

"भाऊ, हे कधी बदललं होतं?"

"कमी झालं की वरून टाकतो की."

"टाकणं वेगळं आणि बदलणं वेगळं," एवढंच तो बोलला आणि कामाला लागला.

त्या दिवशी त्याने जे समजावलं ते गाडी घेताना मला कोणी सांगितलं नव्हतं. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-3 प्रकारचं नवं ऑईल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की तोच आकडा 140 अंशांच्या आसपास येतो. घाटात सतत ब्रेक दाबले की तिथे उष्णता साठते, ऑईल उकळून वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. मग आपण पाय दाबतो तो वाफेवर, चाकापर्यंत जोर पोहोचतच नाही. थंड झालं की सगळं ठाकठीक, म्हणून माणसाला वाटतं काही झालंच नव्हतं. आपल्याकडे पावसाचे चार महिने हवा किती ओली असते हे शहापूर-मुरबाडकरांना सांगायला नको. दर दोन वर्षांनी हे ऑईल पूर्ण बदलायचं असतं. बाटली काही शे रुपयांना मिळते. त्याआधी मी म्युझिक सिस्टीमवर केलेला खर्च इथे लिहायची लाज वाटते.

न्यूट्रलची अक्कलही त्यानेच काढली. गिअरमध्ये गाडी असली की इंजिन तिला मागे धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार एकट्या ब्रेकवर. काही जण तर उतारावर चावीच बंद करतात. मग एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं. कसारा घाटातही हा प्रकार मी पाहिला आहे. वाचलेलं डिझेल कितीचं, हे एकदा कागदावर मांडून पाहा.

माझं म्हणणं एवढ्यावर थांबत नाही. आपल्याकडे "गाडी क्लिअर आहे" म्हणजे कागद क्लिअर आहेत. पीयूसी आहे, इन्शुरन्स आहे, झालं. पण पीयूसी फक्त धूर मोजते, आणि इन्शुरन्सला तुमच्या ब्रेकचं काही माहीत नसतं. काळी-पिवळी जीपला निदान फिटनेससाठी आरटीओत जावं लागतं. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. तोवर तिच्या चाकाखाली कोणी वाकून पाहत नाही. पाहायचं ते मालकानेच.

आणि खासगी म्हणायला खासगी. मुरबाडला रेल्वे नाही, किन्हवली-सरळगावच्या आतल्या गावांना रात्री एसटी नाही. रात्री दोनला कोणाची सून अडली की ज्याच्या दारात गाडी उभी त्याचं दार वाजतं. मय्यतीला माणसं न्यायची असोत, आश्रमशाळेतलं पोर तापाने फणफणलं असो, वाडीवर कोणाला साप चावला असो, गाडी जाते. मुसलमानाची, आगऱ्याची, कुणब्याची, असं त्या वेळी कोणी विचारत नाही. चावी मागतात आणि आपण देतो. देताना सवाब मिळेल असं मनात येतं. पण त्या गाडीत बसणाऱ्याने ब्रेक ऑईलची डबी पाहिलेली नसते. तो आपल्या भरवशावर बसतो. हुकूक-उल-इबादवर तासभर बोलणारी माणसं आपल्यात कमी नाहीत, मीही बोलतो. झिजलेल्या टायरच्या गाडीत शेजाऱ्याला बसवणं हा त्याच्या हक्काचा सवाल आहे, असं मात्र मी कुठल्याच बयानात ऐकलेलं नाही.

टायरचंच घ्या. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि शहापूर तालुका त्यावर आला. आता आपली पोरं खुटघरला वर चढतात आणि गाडी शंभरच्या पुढे नेतात. गावातल्या खड्ड्यांत तीसच्या वेगाने निभावलेला टायर तिथे निभावत नाही. हवा कमी असेल तर तो आतून तापतो आणि फुटतो. कारच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी उरली की कायद्यानेही तो बाद. बाजूला कोरलेला चार आकडी नंबर वाचायला शिका: 3119 म्हणजे 2019 सालच्या 31 व्या आठवड्यात बनलेला. स्टेपनीवरही तो असतो, आणि बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच सगळ्यात म्हातारी निघते.

मागच्या सीटचे पट्टे आपण सीट कव्हरखाली गाडून टाकतो. सायरस मिस्त्री 4 सप्टेंबर 2022 ला चारोटीजवळ गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. चारोटी 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. एवढी महागडी गाडी, पण पट्टा न लावलेल्या माणसाला ती वाचवू शकली नाही. घाटातून आल्यावर मी कव्हर फाडून पट्टे वर काढले. पोरं कुरकुरली. अम्मी अजूनही पट्टा लावताना पुटपुटते, पण लावते. नऊ माणसं मात्र आता बसवत नाही. त्यावरून दोन नातेवाईक रुसलेत ते रुसलेतच.

आमच्याकडे आणखी एक दुखणं आहे, ते शहरातल्यांना नसावं. गाडी भाताच्या कोठाराशेजारी उभी राहते आणि उंदीर वायरी कुरतडतात. गेल्या दिवाळीच्या सुमारास मागचे दोन्ही ब्रेक लाइट बंद होते आणि मला पत्ता नव्हता. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने शिवी घातली तेव्हा कळलं. तेव्हापासून शुक्रवारी नमाजला निघण्याआधी लेकाला मागे उभा करतो आणि ब्रेक दाबतो. तो "लागली, दोन्ही लागली" असं ओरडतो. मग बॉनेट उघडून ऑईल, कूलंट आणि ब्रेकची डबी पाहतो, तेही इंजिन गार असताना. गरम इंजिनवर कूलंटचं झाकण उघडून हात भाजलेला एक जण आमच्या गावात आहे. सगळं मिळून दहा मिनिटं लागतात.

पाऊस महिन्यावर आला आहे. माळशेजच्या धुक्यात आणि कसाऱ्याच्या सरींत जुना वायपर काचेवर नुसता चिखल सारवतो. त्याचे रबर आत्ताच बदलून घ्या. पहिली सर आली की मुरबाडच्या दुकानात रांग लागते, आणि तोवर आपल्या मापाचे संपलेले असतात.