घरफोडीतल्या आरोपीला वकील कशाला?



सुट्टीला घरी जायचे दिवस जवळ आले की इथे अल रय्यानमध्ये आपल्या मंडळींच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो. कोणाचा तरी पुण्याचा किंवा ठाण्याचा बंद फ्लॅट फुटलेला असतो. वर्षातले अकरा महिने कुलूप, शेजारी नवे, वॉचमन एजन्सीचा. चोराला आणखी काय हवे? हळहळून झाली की सल्ले सुरू होतात आणि कोणीतरी म्हणतेच, "दोन दिवस आत घेऊन सोलून काढा, सगळे ओकतील." अशा आरोपींना सरकारी खर्चाने वकील मिळतो हे कळल्यावर तर पुष्कळांचा पारा चढतो.

हा राग मला समजतो. गेलेल्या दागिन्यांत आईच्या पाटल्या असतात, त्यांची भरपाई कुठलीच विमा कंपनी करत नाही. तरीही माझे म्हणणे असे आहे की घरफोडीच्या आरोपीला चांगला वकील मिळणे, आणि तो पहिल्याच दिवशी मिळणे, हे आरोपीइतकेच फिर्यादीच्या, म्हणजे आपल्याही हिताचे आहे. ते कसे, हे पाहू.

घरफोडीच्या गुन्ह्यात बहुधा साक्षीदार नसतो. आपण बाराशे-पंधराशे मैलांवर, घर रिकामे, चोरी नेमकी कधी झाली तेही सांगता येत नाही. फिर्याद "अज्ञात चोरट्यांविरुद्ध" नोंदली जाते. मग तपास सुरू कुठून होतो? बऱ्याचदा पोलीस ठाण्यातल्या जुन्या यादीपासून, आणि महाराष्ट्रात या यादीला मोठा इतिहास आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. 1911 च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढली. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कुटुंबेच्या कुटुंबे तारेच्या कुंपणाआड राहिली आणि हजेरी देत जगली. 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि जुना संशय नव्या नावाने चालू राहिला. आजही गावात घर फुटले की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते.

माझा व्यवसाय संशोधनाचा आहे, म्हणून यातली चूक त्याच भाषेत सांगतो. नमुना एकाच ठिकाणाहून घेतला तर निष्कर्षही त्याच ठिकाणाचा निघतो. पोलिसांनी फक्त पालावर शोधले तर आरोपी पालावरच सापडणार. मग त्या अटकांच्या नोंदी जमून "बघा, रेकॉर्डवरचाच निघाला" असे म्हणायला पुरावा तयार होतो. प्रयोगशाळेत असा निष्कर्ष मांडला तर सहकारी पहिल्या पाच मिनिटांत तो खोडून काढतील. न्यायालयात हे काम बचावाच्या वकिलाचे असते.

तो नेमके काय करतो? पोलिसांपुढचा कबुलीजबाब आपल्या कायद्यात पुरावा म्हणून चालत नाही. पण आरोपीने सांगितले आणि त्यावरून वस्तू सापडली, तर त्याचे तेवढे बोलणे चालते. जुन्या पुरावा कायद्याचे हे कलम 27. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ते 23 व्या कलमात आहे. घरफोडीचे खटले बहुतांशी या एका फटीवर उभे असतात. आरोपीने दोन पंचांसमक्ष निवेदन केले, बाभळीखालून डबा काढून दिला, डब्यात सोन्याची चेन निघाली, असा पंचनामा होतो. आता विचारायचे प्रश्न असे. पंच कोण होते? तेच पंच आणखी किती खटल्यांत आहेत? ती चेन फिर्यादीचीच हे कशावरून? जागा खरोखर फक्त आरोपीलाच माहीत होती का? हे प्रश्न कोणी विचारलेच नाहीत, तर एकदा पकडलेला माणूस एका गुन्ह्यातून दुसऱ्या गुन्ह्यात वर्ग होत राहतो. पेपरात "पंधरा घरफोड्या उघडकीस" अशी बातमी येते आणि त्यातल्या एखाद्या घरफोडीचा खरा चोर आपल्या सोसायटीच्या आसपास निवांत फिरत असतो.

तपास चुकीच्या दिशेला गेला तर काय होऊ शकते, याचे उदाहरण नाशिकचे आहे. जून 2003 मध्ये नाशिकजवळच्या शेतवस्तीवर दरोडा, खून आणि बलात्कार असा भयंकर गुन्हा घडला. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांवर खटला चालला. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. पुढे याच न्यायालयाने तो निकाल मागे घेऊन प्रकरण नव्याने ऐकले आणि 5 मार्च 2019 रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने गुन्ह्यानंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळीच माणसे ओळखली होती. त्यांच्यावर खटलाच भरला गेला नाही. सहापैकी एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाखांची भरपाई द्यायला आणि दोषी पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितले. पण सोळा वर्षे गेली ती गेलीच. आणि त्या स्त्रीला न्याय मिळाला का? ज्यांना तिने ओळखले, ते कोर्टासमोर आलेच नाहीत.

एवढ्या मोठ्या खटल्यात ही गत, तर तालुक्याच्या कोर्टात रोज उभ्या राहणाऱ्या साध्या घरफोडीच्या आरोपीचे काय होत असेल? कायदा कागदावर त्याच्या बाजूचा आहे. 1983 मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रासाठी आदेश दिला की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवावे. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार कोठडीत असलेल्या कोणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. 2022 पासून अनेक जिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकिलांची व्यवस्थाही सुरू झाली आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतला जातीचा भेद रद्द केला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असेही बजावले.

अडचण वेळेची आहे. वकील येतो तो बहुधा आरोपपत्रानंतर. तोपर्यंत कोठडी झालेली असते, पंचनामे झालेले असतात, अंगठे उठलेले असतात. त्यात जामीन मंजूर झाला तरी जामीनदार हवा आणि त्याच्याकडे मालमत्ता हवी. पालावरच्या माणसाने तो कुठून आणायचा? 1978 मध्येच मोतीराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरिबाकडे झेपणार नाही असा जामीन मागू नये, असे सांगितले होते. तरी 2022 च्या सरकारी आकडेवारीनुसार भारतातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते.

कोणी म्हणेल, "गुन्हेगार सुटला तर?" चांगल्या बचावाने कधी खरा चोरही सुटेल, हे मान्य करायला हवे. पण मारहाणीचा कबुलीजबाब आणि पढवलेले पंच यांवर उभी केलेली केस वरच्या कोर्टात कोसळतेच. वकील पहिल्या दिवसापासून समोर आहे हे माहीत असले, तर तपास अधिकारी बोटांचे ठसे, कॅमेऱ्याचे चित्रण, सराफाची वही यांकडे अधिक लक्ष देईल. चोरी पकडायचा खरा मार्ग तोच आहे.

आणि हा हक्क आपल्याला कळत नाही असेही नाही. ऑगस्ट 2022 मध्ये इथे कतारमध्ये भारतीय नौदलाचे आठ माजी कर्मचारी पकडले गेले. ऑक्टोबर 2023 मध्ये फाशी झाली, डिसेंबरमध्ये ती रद्द होऊन तुरुंगवास झाला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये ते सुटले. आरोप काय, हे जाहीरही झाले नव्हते. तरी त्यांना उत्तम वकील मिळावा याबद्दल आपल्यापैकी एकाच्याही मनात शंका नव्हती. आरोपी आपल्यासारखा वाटला की बचावाचे महत्त्व लगेच पटते.

याच अल रय्यानच्या बंगल्यांत आपल्या देशातल्या बाया आणि ड्रायव्हर काम करतात. पगाराची तक्रार केली किंवा घर सोडले तर उलट चोरीची फिर्याद होईल, ही आखातातल्या घरकामगारांची भीती मानवी हक्क संघटनांच्या अहवालांत वर्षानुवर्षे नोंदलेली आहे. कतारच्या राज्यघटनेचे 39 वे कलम आरोपीला निर्दोष मानते आणि बचावाची हमी देते. पण कोर्टाचे कामकाज अरबीत चालते; वकील आणि दुभाष्याशिवाय त्या हमीचा तिला काय उपयोग?

आपण काय करू शकतो? तीन गोष्टी सुचवतो.

एक, घर फुटले तर फिर्यादीत फक्त माहीत असलेलेच लिहा. "कामवालीवर संशय" हे दोन शब्द कोणाला तरी कोठडीत घालू शकतात. दागिन्यांचे फोटो आणि पावत्या मात्र आजच काढून ठेवा. मुद्देमाल सापडल्यावर फोटो व पंचनामा करून तो लवकर परत द्यावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2002 चा निर्णय आहे; तसा अर्ज करा.

दोन, आपल्या देणग्यांतला काही भाग शाळा-मंदिरांऐवजी बचावाच्या कामाला द्या. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून कैद्यांमध्ये काम करतो आहे. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय निधी धरली जात नाही. पासपोर्ट बदललेल्यांनी मात्र त्या संस्थेला परकीय निधीची परवानगी आहे ना, हे आधी विचारावे.

तीन, इथल्या घरकामगारांना दूतावासाच्या मदतीची माहिती द्या. भारतीय समुदाय कल्याण निधी 2009 पासून आहे आणि मालकाने खोट्या आरोपात अडकवलेल्यांना कायदेशीर मदत करणे त्याच्या नियमांत बसते. दूतावासाचा फोन नंबर तुमच्या कंपाउंडमधल्या किती जणींकडे आहे, हे या शुक्रवारी विचारून पाहा आणि मला कळवा.

आपला,
एक संशोधक, अल रय्यान, कतार