येथे वर एकच आहे

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर चर्चा निघाली की एक आक्षेप हमखास ऐकू येतो. पतिपरमेश्वराचा जुना संस्कार लक्ष्मीबाईंनी टाकला नाही, त्याला ख्रिस्ती वेश तेवढा चढविला, असा तो आक्षेप. पुराव्यादाखल बायबलातील विवाहाचे रूपक पुढे केले जाते, कारण त्यात पती ख्रिस्ताच्या जागी आणि पत्नी मंडळीच्या, म्हणजे श्रद्धावंतांच्या समुदायाच्या जागी कल्पिलेली आहे. दुसरीकडे काही ख्रिस्ती उपदेशकही लग्नप्रसंगी याच रूपकाच्या आधारे नववधूला आज्ञाधारकपणाचा पाठ देतात. टीकाकार आणि उपदेशक यांचे एरवी पटत नाही. वाचन मात्र दोघांचे एकच. हे वाचन चुकीचे आहे आणि संतवाङ्मयावर पोसलेल्या आपल्या घरांना ते मुळीच शोभत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

प्रथम मूळ ग्रंथ पाहू. हे रूपक पौलाच्या नावे असलेल्या इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. पत्नीने अधीन असावे हे बाविसावे वचन सर्वांना पाठ असते. त्याच्या आधीच्या एकविसाव्या वचनात सर्वांनी परस्परांच्या अधीन राहावे असे सांगितले आहे, याची आठवण कोणी देत नाही. वस्तुतः काही अतिप्राचीन ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचे क्रियापदच नाही. ते एकविसाव्यातून घ्यावे लागते. म्हणजे पत्नीची अधीनता ही त्या परस्पर अधीनतेचाच एक भाग ठरते. पुढे पत्नीला उद्देशून तीन वचने आहेत, तर पतीला केलेला उपदेश त्याहून कितीतरी लांब आहे. त्यात पतीला कोठेही हुकूम चालविण्याचा अधिकार दिलेला नाही. ख्रिस्ताने मंडळीसाठी प्राण दिला तसे स्वतःला देऊन टाकण्याचे मागणे त्याच्यापुढे ठेवले आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर पौल पतीच्या देहावर पत्नीचाही तितकाच अधिकार सांगतो. पहिल्या शतकातील रोमन जगात, जेथे कुटुंबप्रमुख पुरुषाचा शब्द हाच कायदा होता, तेथे हे लिहिले गेले, हे विसरून चालणार नाही.

परंतु खरा मुद्दा याहून खोल आहे. या रूपकातील वर एकच, तो म्हणजे ख्रिस्त. वधू म्हणजे सारी मंडळी, आणि त्या मंडळीत पतीही आला. देवापुढे तोही वधूच आहे. बाराव्या शतकात क्लेर्व्होच्या बर्नार्डने ‘गीतरत्न’ या बायबलमधील प्रेमकाव्यावर ८६ प्रवचने रचली. त्यांचे श्रोते होते मठातील ब्रह्मचारी पुरुष, आणि त्यांनी स्वतःला त्या काव्यातील वधूच्या जागी पाहावे अशीच अपेक्षा होती. हे आपल्याला नवे का वाटावे? ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत बोलणारी विरहिणी कोण आहे? तेथे पुरुषाने स्त्रीचा स्वर घेतला तो स्त्रीला दटावण्यासाठी नव्हे, स्वतःचे पुरुषपण देवापुढे उतरवून ठेवण्यासाठी. ज्याला विराणी कळते त्याला हे रूपकही कळले पाहिजे.

शिवाय चित्र म्हणजे मूळ वस्तू नव्हे. वटसावित्रीला साता जन्मी हाच पती मागण्याची आपली रीत. उलट पुनरुत्थानानंतर कोणी लग्न करीत नाही, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो. मूळ वस्तू समोर आली की चित्राचे काम संपते. जो विवाह मरणाबरोबर सरतो, त्यातला पती परमेश्वर कसा होईल?

हे रूपक सर्वस्वी निर्धोक आहे, असा मात्र आमचा दावा नाही. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात देव पतीच्या आणि इस्राएल व्यभिचारी पत्नीच्या जागी आहे, आणि तेथील दंडाची भाषा आजही अंगावर काटा आणते. तरीही त्या कथेचा शेवट टाकून देण्यात होत नाही, तर पत्नीला पुन्हा घरी आणण्यात होतो.

मग ख्रिस्ती स्त्रीवर अन्याय झाला तो कोठून? कायद्याकडे पाहावे. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार पत्नीचा व्यभिचार सिद्ध होताच पतीला घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र सर्वसाधारणपणे पतीच्या व्यभिचाराखेरीज क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. पत्नीच्या जाराकडून पती नुकसानभरपाईही मागू शकत असे, जणू कोणी त्याचे शेतच नांगरले! हा भेद १८५७ च्या इंग्लंडच्या कायद्यावरून उचललेला होता. इंग्लंडने तो १९२३ मध्ये दूर केला. आपल्याकडे १९९५ मध्ये केरळ आणि १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्यावर बोलावे लागले, आणि संसदेची दुरुस्ती आली ती २००१ मध्ये. इंग्लंडनंतर तब्बल ७८ वर्षांनी. हा भेद रूपकाला धरून होता असे कोणी म्हणेल काय? रूपकाप्रमाणे निष्ठेचा अधिक भार पतीवर पडायला हवा होता. कायद्याने तो पत्नीवर टाकला. या काळात मौन बाळगणाऱ्या उपदेशकांना वधूपुढे पौलाचे नाव घेण्याचा अधिकार उरत नाही.

आता लक्ष्मीबाई. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये पत्नीला न सांगता बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्यामागून निघाल्या नाहीत. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. एकत्र आल्यावरही आपले सोवळे पाळीत राहिल्या. आणि जातिभेद देवाने केलेला नाही हे स्वतःच्या विचाराने पटल्यावर, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीला परमेश्वर मानणारी स्त्री पाच वर्षे थांबत नाही. पुढे पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे नेले, ते अनुयायी म्हणून नव्हे, सहप्रवासी म्हणून.

तेव्हा टीकाकारांना एवढेच सांगणे की ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा एकदा वाचावी. आणि उपदेशकांना सांगणे असे की पुढच्या लग्नात नवरदेवाकडे वळून बोलावे. वरपणाचा मान त्या मांडवापुरता आहे. देवाच्या दारी त्यालाही वधू होऊनच जायचे आहे.